हरणाऱ्याची मजुरी

दिवाळी आटोपली की दिग्रसच्या हवेत रुई तरंगायला लागते. जिनिंग सुरू झाल्या की विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, एसटीच्या खिडक्यांवर आणि चहावाल्याच्या भुवयांवर पांढरं काहीतरी येऊन बसतं, आणि ते होळीपर्यंत उठत नाही. फोडणीच्या वरणातसुद्धा एखादा तंतू सापडतो. बाहेरगावचा पाहुणा तो बोटानं काढून बाजूला ठेवतो. आम्ही तसंच खातो.

या दिवसांत माझं बूड एका जागी टेकत नाही. सकाळी फिरायला म्हणून निघतो तो बाजार समितीच्या फाटकापर्यंत जातो. रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर बघतो, कापसाच्या ढिगावर पाय पसरून झोपलेले गाडीवाले बघतो, सरकीचा तो तेलकट, किंचित आंबूस वास छातीत भरून घेतो आणि घरी येतो. चहा होतो. पुन्हा चपला घालतो. बायको म्हणते, "शाळेतून रिटायर झाले ना तुमी? मंग आता कोनाची हजेरी घेऊन राह्यले?" इतक्या वर्षांच्या संसारात तिला काही गोष्टी मी सांगितलेल्या नाहीत, त्यातली ही एक.

घरात बसलो तर हातात फोन येतो. त्यात बुद्धिबळ आहे, फुकट. एकेक पायरी चढत जायचं असतं. सातव्या पायरीच्या पुढे मी कधी गेलेलो नाही. हरलो की पडद्यावर चौकट उमटते. एक चाल परत घ्यायची असेल तर जाहिरात पाहा, असं ती सांगते. अर्धं मिनिट मसाल्याची, नाही तर कर्जाची, नाही तर गुडघ्याला लावायच्या तेलाची जाहिरात पाहायची, की गेलेला वजीर जागेवर हजर. मीही मुकाट पाहतो. पण त्या अर्ध्या मिनिटात डोकं भलतीकडे जातं. माझ्या हातून एक चाल सुटलेली आहे, ती पटावरची नव्हती, आणि ती परत द्यायला कोणताही तेलवाला तयार होणार नाही. मग फोन पालथा ठेवतो आणि पुन्हा फाटकाकडे निघतो.

फाटकाच्या आत काटा आहे. आता तो इलेक्ट्रॉनिक झाला, लाल आकडे दाखवतो. ती चाल सुटली त्या वर्षी तिथे लोखंडी काटा होता आणि काट्यावर शालिकभाऊ होते.

शालिकभाऊ मापारी. शेतकऱ्याचा कापूस काट्यावर चढला की वजन करायचं आणि ते चार लोकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं काम. मापाईवर, म्हणजे वजनाच्या मजुरीवर, घर चालायचं. शिक्षण सातवी. पण तालुक्यात त्यांच्यासमोर पटावर बसायला लोक कचरत. सोंगटी उचलली की ते ती क्षणभर हातात धरून ठेवत, तिचंही वजन करत असल्यासारखी, आणि मग आवाज न करता घरात ठेवत. दर रविवारी दुपारी चारला वाचनालयाच्या व्हरांड्यात आमचा डाव असे. "जय भीम, सर." "जय भीम, भाऊ, बसा." एवढं झालं की दोन-अडीच तास दुसरा शब्द नाही. मी गणिताचा मास्तर, बी.एस्सी. झालेला, आणि वर्षाकाठी दोन-तीन डाव जिंकलो तर शाळेत पेढे वाटावेसे वाटायचे मला.

आमच्या बुद्धिबळ मंडळाची स्पर्धा याच सीझनमध्ये असे, कारण गावात पैसा खेळतो तो याच सीझनमध्ये. बक्षीस द्यायचे बाबूशेठ. त्यांचं बियाण्या-खताचं दुकान, एका जिनिंगमध्ये भागी, आणि आमच्या मंडळाचे ते अध्यक्ष. बक्षीस त्यांच्या आईच्या नावानं, कै. गोदावरीबाई यांच्या स्मरणार्थ. आमच्याकडे कबड्डी असो की भजनाची स्पर्धा, बक्षिसं बहुतेक गेलेल्या माणसांच्या नावानं निघतात. जिवंतपणी ज्यांचं घरात कोणी ऐकलं नाही, ती माणसं वर्षातून एकदा लाऊडस्पीकरवर येतात. गोदावरीबाईंचं पाच हजारांचं बक्षीस सलग काही वर्षं शालिकभाऊंकडे जात होतं. ते त्याचं काय करत हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांची मुलगी सुजाता यवतमाळला नर्सिंग शिकत होती. ती माझी विद्यार्थिनी, गणितात बरी, बोलण्यात त्याहून बरी. संक्रांतीच्या आत तिची फी भरावी लागे, आणि गोदावरीबाई ती भरत.

त्या वर्षी बाबूशेठच्या मुलानं पुण्याहून येऊन बसस्टँडसमोर कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. पोरं आत डोकावून जात, पैसे भरत नसत. एक दिवस बाबूशेठ माझ्याकडे आले, खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"सर, औंदा नवीन करू काहीतरी. माणूस इरुद्ध कॉम्प्युटर. आपल्याकडून शालिकभाऊ. पाच डाव. बक्षीस एकवीस हजार."

मी मंडळाचा सचिव. एकवीस हजार ऐकून माझा चष्मा घसरला. एवढे कशाला, म्हणून विचारलं.

"घाबरता कायले? जिंकन तर आपलाच कॉम्प्युटर. बक्षीस आपलंच, आन् येईन आपल्याच घरी. लोकाईले आकडा दिसला पाह्यजे."

मी हसलो. तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. पुढे कळलं की मोठ्या जगातही असंच झालेलं आहे. माणसानं यंत्राशी खेळावं म्हणून भल्यामोठ्या रकमा लावल्या त्या बहुतेक यंत्र बनवणाऱ्यांनीच. जगज्जेता हरला की यंत्राची जाहिरात, जिंकला तरी यंत्राचीच जाहिरात. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी आम्हाला सुचली नाही. हरणाऱ्याचा वाटा आधी लिहून ठेवलेला असे. माणूस हरायला येतोय हे त्यांना माहीत होतं, आणि हरण्याचीही मेहनत पडते हेही माहीत होतं. आमच्या बॅनरवर शालिकभाऊंचा फोटो होता, कॉम्प्युटरचा फोटो होता, गोदावरीबाईंचा होता, एकवीस हजारांचा आकडा होता. हरेल त्याला काय, ही ओळ नव्हती. बॅनरचा मजकूर मी लिहिला होता.

पाच दिवस, रोज दुपारी तीन वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये. तीनला म्हणजे शालिकभाऊंनी दोनलाच काटा सोडायचा. ऐन सीझनमध्ये, रांग फाटकाबाहेर गेलेली असताना. त्यांच्या जागी दुसरा मापारी उभा राहायचा आणि मापाई त्याची व्हायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

कॉम्प्युटरला हात नसतात, म्हणून त्याचा हात मी झालो. पडद्यावर आलेली चाल पाहून पटावर खेळायची आणि शालिकभाऊंची चाल आत भरायची. रविवारच्याच खुर्च्या, तोच पट, समोर तेच शालिकभाऊ. पण त्या पाच दिवसांत मी त्यांच्याशी खेळत नव्हतो, दुसऱ्या कोणाच्या तरी वतीनं त्यांची प्यादी उचलत होतो. पहिल्याच दिवशी माझ्या हातानं त्यांचा उंट मारला गेला तेव्हा मी नकळत म्हणालो, "माफ करा, भाऊ." ते म्हणाले, "तुमाले काय माफ करू? तुमी तं हमाल." लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मला थोडं बरं वाटलं होतं, आपली जबाबदारी नाही असं.

पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा ते हरले. तिसरा जिंकले, आणि हॉलमध्ये लोकांनी टोप्या उडवल्या. बाबूशेठच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब मी स्वतः पाहिले. त्यांचे एकवीस हजार पहिल्यांदाच खरोखर घराबाहेर जायला निघाले होते.

चौथ्या डावात शालिकभाऊ एका घोड्यानं पुढे होते. पट असा काही मोकळा पडला होता की मलासुद्धा पुढचं दिसत होतं. आणि लाईट गेली. त्या काळी ती जायचीच. पंखे थांबले, पडदा काळा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटर डाव सोडून पळाला. द्या शालिकभाऊले जीत." नियम कोणी केलाच नव्हता. शेठ बोलायला उठले, पण त्यांच्याआधी शालिकभाऊ बोलले.

"लाईट बोर्डाची गेली. त्याची काय चूक? बसतो ना मी."

आणि ते बसले. सव्वादोन तास बसले. सकाळी सहापासून काट्यावर उभा राहिलेला माणूस, पटासमोर, मांडीवर हात ठेवून. कोणी चहा आणून दिला तो निवला. लाईट आली, मी कागदावर टिपून ठेवलेल्या सगळ्या चाली पुन्हा आत भरल्या. कॉम्प्युटर ताजातवाना होऊन आला होता. त्याला बसून राहिल्याची आठवणही नव्हती. शालिकभाऊंनी चौथ्याच चालीला हत्ती नको तिथे ठेवला. ठेवताक्षणी त्यांना कळलं, मलाही कळलं. पडद्यावर उत्तर आलं, आणि तो हत्ती मला उचलावा लागला.

पाचवा डाव बरोबरीत सुटला. कॉम्प्युटर तीन, शालिकभाऊ दोन.

आज हे लिहिताना मी तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा गॅस बंद आहे की नाही पाहायला, एकदा उगीचच. बक्षीस समारंभ आठवायचा झाला की असं होतं. विजेत्याला शाल, नारळ आणि पाकीट द्यायची आमची रीत. बाबूशेठच्या मुलानं शाल मॉनिटरवर पांघरली आणि नारळ कॉम्प्युटरच्या डब्ब्यावर ठेवला. फोटो निघाले. लोक पोट धरून हसले. शालिकभाऊ पहिल्या रांगेत होते, तेही टाळ्या वाजवत होते. मी पाहिलं, त्यांचे तळवे एकमेकांना जेमतेम लागत होते. शाल पांघरलेल्या मॉनिटरकडे ते पाहत होते, आणि त्यांच्या अंगावर धुऊन विरलेला पांढरा सदरा होता, ज्यावर खांद्याजवळ रुईचे दोन तंतू चिकटलेले होते.

बाबूशेठ पाकीट घेऊन घरी गेले आणि अडले दारातच. त्यांची मोठी बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणत असू, उंबऱ्यात उभी.

"आईच्या नावानं काढलेला पैसा हाये तो. देवापुढं ठेवून काढला. घरात वापस येत नसते."

"अक्का, जिंकला तर आपलाच ना कॉम्प्युटर?"

"कोनाचाबी असो. मेलेल्या माणसाच्या नावाचं दान घरच्यानं खाल्लं असं लोकं म्हनतीन. आनू नको."

एवढ्या हिशेबी माणसाला एवढी साधी गोष्ट आधी सुचली नव्हती. शेठ उलट्या पावली निघाले ते थेट शालिकभाऊंकडे. तिथे मीही होतो, शेठनीच मला सोबत नेलं होतं. शालिकभाऊंनी पाकिटाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"शेठ, मी हारलो. हारून बक्षीस घेतलं तं उद्या काट्यावर वजन सांगन तवा कोन विश्वास ठेवन माह्यावर?"

तर पाकीट माझ्याकडे आलं, सचिव म्हणून. आठ दिवस ते माझ्या घरात होतं. आधी कपाटात ठेवलं, मग कपाटाचं कुलूप बरं नाही म्हणून गव्हाच्या कोठीत, मग उंदरांच्या भीतीनं शाळेच्या पिशवीत. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी लक्ष पिशवीकडे. इतका अस्वस्थ मी स्वतःच्या पैशासाठी कधी झालो नाही. एकवीस हजार रुपये आणि ते कोणाचेच नाहीत. माणसाला एकवेळ कर्ज पेलतं, पण बेवारशी पैसा पेलत नाही.

मंडळाची सभा होती त्या दिवशी सकाळी सुजाता आली. अंगणात तुळशीपाशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सर, बाबा बक्षीस घेत नाही. बरोबर हाये त्यायचं. पन मजुरी घेतीन ते."

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं, मी तिला कधीकाळी समीकरणं समजावली असतील तशी, एकेक पायरीनं.

"पाच दिवस दुपारून काट्यावर नाही गेले ते. कापसाचा भाव चढो का पडो, मापाऱ्याले मापाई भेटतेच ना? खेळाचंबी तसंच धरा. जिंकल्याचं नको, हारल्याचंबी नको. बसल्याचं द्या. मानधन म्हनून ठराव करा. कमिटीनं ठराव केला तं बाबा नाही म्हननार नाही, मी सांगतो. तुमी बोलले तं होईन." मग म्हणाली, "फी भराची हाये, सर, संक्रांतीच्या आत. नाही भरली तं नाव कटते. माह्यं नाव नका घेऊ सभेत."

मोठ्या जगाच्या करारात जे होतं, ते या पोरीनं काट्यावरून शोधून काढलं होतं. मी म्हणालो, "होऊन जाईल. बिनधास्त राहा." शब्द दिला. मास्तर लोक शब्द फार सहज देतात.

सभा वाचनालयाच्या हॉलमध्येच भरली. शालिकभाऊ सभासद नव्हते, म्हणून ते सभेला नव्हते. आम्ही सात जण. विषय एकच, पाकिटाचं काय करायचं. एक म्हणाला मंदिराला द्या. दुसरा म्हणाला मंदिराला कशाला, विहाराचं छत गळतं. तिसऱ्यानं शाळेच्या पाण्याच्या टाकीचं काढलं. मग आवाज चढले. कोणी कोणाच्या देवळाचा जुना हिशेब काढला, कोणी खुर्ची मागे सरकवली. मी मनात वाक्य जुळवत होतो. मला वाटतं, शालिकभाऊंना मानधन म्हणून. मला वाटतं, पाच दिवसांच्या मेहनतीचं. वाक्य तयार होतं. पण त्या तापलेल्या हवेत ते टाकलं तर कोणी म्हणेल, तुमचा रविवारचा दोस्त ना, आणि तेही विहाराच्या बाजूनं धरलं जाईल, असं काहीतरी मनात आलं. वातावरण जरा निवू द्यावं, मग बोलावं, असं ठरवलं. आणि निववायला म्हणून मी विनोद केला.

"अहो, जिंकला कोण? कॉम्प्युटर. मग त्यालाच विचारा ना काय पाहिजे. परवा लाईट गेली तर बिचारा भर डावात बेशुद्ध पडला. त्याला एक बॅटरी घेऊन द्या."

हॉल हसला. खुर्ची मागे सरकवणाराही हसला. बाबूशेठनी टेबलावर थाप मारली. "सर, लाख रुपयाचं बोलले तुमी. क्लास काही घर नोहे. अक्काचंबी राह्यलं आन् आईचं नावबी राह्यलं." पाच मिनिटांत ठराव झाला. इन्व्हर्टर आणि बॅटरी, कै. गोदावरीबाई यांच्या स्मरणार्थ. सूचक म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. मंदिरवाले आणि विहारवाले दोघेही खूश, कारण दुसऱ्याला मिळालं नव्हतं.

मग शेठनी विचारलं, "आनखी कोनाले काही बोलाचं?"

मी या प्रश्नाशी फार वर्षं झुंजतो आहे. तेव्हा सगळे माझ्याकडेच पाहत होते, कौतुकानं. मास्तरच्या आयुष्यात असे क्षण कमी येतात. विनोदाला दाद मिळाली की लगेच दुसरं, गंभीर, मागण्यासारखं काही बोलावंसं वाटत नाही. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, शब्दाला शब्द जोडलेलं. मी म्हणालो, "काही नाही." भीती नव्हती, दबाव नव्हता, कोणी तोंड दाबलं नव्हतं. मला छान वाटत होतं म्हणून मी गप्प राहिलो. भित्रेपणा असता तर मी स्वतःला माफ करू शकलो असतो.

ज्या यंत्रासाठी तो माणूस सव्वादोन तास मुकाट बसला होता, त्याला पुन्हा कोणासाठी थांबावं लागू नये म्हणून त्याच माणसाच्या लेकीची फी गेली. हे इतकं सरळ वाक्य मला तेव्हा दिसलं नाही. घरी जाताना दिसलं. मागे फिरलो नाही.

संक्रांत आली, गेली. सुजाता यवतमाळला परत गेली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, उमरखेडला दिलं. लग्नात तिनं मला वाकून नमस्कार केला आणि मी पाकिटात एकशे एक रुपये घातले. तो आकडा आठवला की अजून कानशिलं तापतात.

आणि शालिकभाऊ? ते पुढच्याच रविवारी चार वाजता व्हरांड्यात आले. "जय भीम, सर." मी उत्तर दिलं, बसलो. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. ते त्यानंतरही येत राहिले, वर्षानुवर्षं. कधी कधी चाल खेळण्याआधी माझ्याकडे असं पाहायचे, काहीसं मायेनं, की मी नजर पटावर रोवायचो. मला त्या मायेचा अर्थ लागत नसे. मी मनाशी म्हणे, मोठा माणूस आहे, विसरला. शालिकभाऊंची बायको गेल्यावर सुजाता त्यांना उमरखेडला घेऊन गेली, आणि माझे रविवार मोकळे झाले.

यंदा रुई उडायला लागली, फोनवर मी सातव्या पायरीवर पुन्हा हरलो, आणि काय झालं कोण जाणे, जाहिरात न पाहता उठलो, पिशवीत टॉवेल टाकला आणि स्टँडवर गेलो. बायकोला म्हणालो, पुसदला काम आहे. पुसदपर्यंत खोटं नव्हतंच, तिथे गाडी बदलायची होती. दोन्ही बाजूंनी वावरं पांढरी होती, बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. मी खिडकीशी बसून वाक्य जुळवत होतो. एवढ्या वर्षांनी पुन्हा वाक्यच. सुजाता, मी त्या दिवशी बोललोच नाही. सुजाता, तुझं शिक्षण माझ्या एका विनोदानं गेलं. उमरखेड येईपर्यंत तेच चाललं होतं.

तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाईन फॉर्म भरून देते, पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे. आत दोन कॉम्प्युटर. काउंटरवर रांग होती, ती चष्मा लावून कोणाचा तरी आधार नंबर तपासत होती. मला पाहून उठली, खुर्ची पुसली, चहा सांगितला. रांग सरेपर्यंत मी बसलो. मग उभाच राहिलो, आणि जुळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हणालो,

"सुजाता, त्या सभेत मी तुझ्या बाबांबद्दल बोललो नव्हतो."

तिनं हातातला कागद मशीनवर ठेवला.

"माहीत हाये, सर. मी आलती त्या दिवशी. ठराव झाला का ते पाहाले. व्हरांड्यात खिडकीपाशी उभी होती. सगळं ऐकलं."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. ती सावकाश बोलत होती, रागानं नाही.

"बॅटरीचं ऐकून मलेबी हसू आलं होतं. खरंच सांगतो. मंग थोड्या टायमानं समजलं का आपन कायले हासलो."

मशीनमधून कागद बाहेर आला. तिनं तो सरळ केला.

"घरी गेली तं बाबानं विचारलं, सर बोलले का? मी सांगतलं, लय बोलले, भांडले तुमच्यासाठी, पन कमिटीनं नाही ऐकलं. ते अजूनबी तसंच समजतात. तुमी नका सांगू त्यायले."

"काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"त्यायले खेळाले एकच तं मानूस होता, सर. फी गेली ते गेलीच होती. तुमीबी गेले असते तं मंग त्यायनं रविवारी काय केलं असतं?"

दुकानाच्या मागेच घर. शालिकभाऊ खाटेवर बसले होते, शेजारचे एक म्हातारे गृहस्थ गप्पा मारायला आलेले. मला पाहून शालिकभाऊंनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हसले. माझा हात धरून ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हणाले,

"हे आमचे सर. दिग्रसचे. माह्या हक्कासाठी भर सभेत भांडले होते हे, एकटे. तसा मानूस नाही भेटत."

गृहस्थांनी मला हात जोडले. दारात सुजाता चहाचे कप घेऊन उभी होती. मी जोडलेल्या हातांना हात जोडले.

खाटेखालून पट निघाला. शालिकभाऊंनी एकेक सोंगटी हातात धरून, सावकाश, सगळा डाव मांडला. पांढरी माझ्याकडे केली.

"बोला, सर," ते म्हणाले.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.